पाटावरचा टॅब

आमच्या थेरगावच्या दोन खोल्यांत माणसं तिघंच होती, पण आवाज दहा जणांचा असे. सकाळी सहालाच डांगे चौकातले हॉर्न खिडकीतून आत यायचे, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या टाकीचं पाणी वाहून जाताना धबधब्यासारखं वाजायचं, आणि या सगळ्यावर आईचा मिक्सर. तो सुरू झाला की घरातलं बोलणं आपोआप थांबे. आप्पा वाक्य अर्ध्यात सोडून चहाचा कप तसाच हवेत धरून बसत, आणि शेंगदाण्याची चटणी झाली की तिथूनच पुढं बोलायला लागत. त्या मिक्सरच्या बुडाला आप्पांनी लाल रंगाचं एक कार्ड सुतळीनं बांधलं होतं. त्यावर लिहिलं होतं : 'दुरुस्तीस पात्र'. आप्पा चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तपासणी खात्यात होते. जे पार्ट नापास होत, त्यांना तिथं असं लाल कार्ड लावत, आणि कंपनीत जे चांगलं दिसेल ते घरी आणायची आप्पांना सवय होती. आमच्या पिठाच्या, साखरेच्या, डाळीच्या डब्यांवर हिरव्या आणि लाल चिकटपट्ट्या होत्या. साखर लाल पट्टीच्या खाली गेली की आणायची, हिरव्या पट्टीच्या वर भरायची नाही. आई म्हणायची, "ह्यांला वाटतं घरात पण शिफ्ट चालतीय." पण पट्ट्या तिनं कधी काढल्या नाहीत. त्या ती पाळायचीसुद्धा, फक्त आप्पा घरी नसताना.

कंपनीत वीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा आप्पांना भेट मिळायची होती. तीन वस्तूंतून एक निवडायची : मिक्सर, पंखा किंवा टॅब. आप्पांनी त्या यादीचा कागद घरी आणून ताटाशेजारी ठेवला. मला आजही आठवतं, आई भाकरी थापत होती. तिनं कागदाकडं न बघताच विचारलं, "टॅब म्हंजी काय?"

"मोठा मोबाइल. त्याच्यात पुस्तकं मावतात."

"किती?"

"सगळी."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "मग तेच घ्या. ह्यो मिक्सर वरडतो, पर दळतो ना."

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण पुढं मी जे केलं ते समजायला हा लाल कार्डाचा मिक्सर लक्षात असायला हवा. तो पुढची सहा वर्षं आमच्या घरात ओरडत होता, आणि दर वेळी तो ओरडला की मला ऐकू यायचं.

मी तेव्हा कॉलेजात वर्गातल्या मुलांपेक्षा तीन वर्षांनी मोठा होतो. डिप्लोमा कसाबसा काढून मी चाकणलाच एका शेडमध्ये प्रेस मशिनवर लागलो होतो. पत्रा सरकवायचा, पायानं पॅडल दाबायचं, तुकडा बाजूला काढायचा, बोट आत राहिलं तर गेलं. दोन वर्षांनी आप्पांनी एका रविवारी माझ्या हातांची बोटं मोजल्यासारखी बघितली आणि म्हणाले, "दहा आहेत तोवर शिकून घे. एकदाच बोलतोय." अशी ती दुसरी संधी होती, आणि तिसरी मिळणार नाही हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला. कॉलेज आळंदीच्या बाजूला होतं. दोन बस बदलून जावं लागे. जाड जाड पुस्तकं घेऊन त्या गर्दीत उभं राहणं शक्य नव्हतं. टॅब मात्र छातीशी धरून एका हातानं दांडी पकडता येई, आणि मोशीपर्यंत एक प्रकरण वाचून होई. ग्रंथालयातल्या पुस्तकांची पानं मी फोटो काढून त्यात साठवली होती. सरांच्या नोट्स, मागच्या प्रश्नपत्रिका, आकृत्या, सगळं त्यात. वही मी जवळजवळ बंदच केली. बोटाएवढ्या जाडीचं एक प्लॅस्टिकचं पेन होतं, त्यानं काचेवर लिहायचो. माझं अक्षर मुळात कोंबडीचं, काचेवर तर ती कोंबडी घसरायचीसुद्धा.

घरी अभ्यासाची जागा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. तिथंच चार्जिंगचा पॉइंट होता. तांदळाच्या डब्याला टॅब टेकवून मी व्याख्यानांचे व्हिडिओ लावायचो, आणि शेजारी आई भाजी चिरत असायची. उष्णतेचा विषय शिकवणारे एक दाक्षिणात्य प्राध्यापक होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, फळ्यावर भराभर समीकरणं. ते पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा आईनं चटकन पदर डोक्यावरून घेतला. मी हसलो, तर म्हणाली, "हसतो काय? मास्तर हायेत ना." पंधरा दिवसांत पदर खाली आला, पण 'मास्तर' हे नाव पक्कं झालं. तिला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण मास्तर कधी चिडलेत, कधी खुशीत आहेत, हे ती अचूक सांगायची. "आज त्यांचा घसा बसलाय," एकदा ती म्हणाली. खरंच बसला होता. मला कळलंच नव्हतं. मिक्सर लावायच्या आधी ती टॅबकडं बघून म्हणायची, "जरा थांबा मास्तर," आणि मला व्हिडिओ थांबवायला लावायची.

वर्गात माझी प्रतिष्ठा त्या टॅबमुळं होती, हे मला कबूल केलं पाहिजे. सगळ्यांना नोट्स माझ्याकडून जायच्या. त्यात माझा खरा दोस्त दत्ता. तो मोशीचा, जुन्या गाववाल्यांतला. घरी अजून दोन म्हशी होत्या, आणि बोलणं तसंच रांगडं. तो मला म्हणायचा, "सुन्या, तू हाय म्हनून मी पास व्हतोय. तुझा टॅब आन् माझा डबा, कधी वायले व्हायचे न्हाईत." कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा आपणच खिडकीवरून आणायचा असे. ट्रे नव्हते. एकदा मी गंमत म्हणून टॅब आडवा धरला, त्यावर चार ग्लास ठेवले आणि गर्दीतून टेबलापर्यंत आणले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग ते रोजचंच झालं. चाराचे पाच, पाचाचे सहा. ज्या वस्तूसाठी माझ्या आईनं मिक्सर सोडला, तिचा मी ट्रे केला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. हे वाक्य लिहायला मला चाळिशी गाठावी लागली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी सात ग्लास ठेवले. दत्ता म्हणाला, "राव, सहाच ठिव. सातवा मी आनतो." मी ऐकलं नाही. टेबलापाशी पोचता पोचता कुणीतरी खुर्ची मागं सरकवली. दोन ग्लास माझ्या शर्टावर आले, एक टॅबवर आडवा झाला, आणि तो गोड, गरम चहा चार्जिंगच्या भोकातून आत गेला. मी रुमालानं पुसला, उलटा धरून झटकला. पडदा दोनदा लुकलुकला. परतीच्या बसमध्ये मोशी मागं पडायच्या आत तो काळा झाला, आणि थेरगावला पोचेपर्यंत मी त्याचं बटण शंभरदा दाबलं असेल. परीक्षेला सहा आठवडे होते. वही नव्हती. जे काही होतं ते त्या काळ्या काचेच्या आत होतं. मी घरात शिरलो तेव्हा आई कडाकण्या तळत होती. मला बघून म्हणाली, "उद्या तुझं पण हत्यार पाटावर मांडू हां." मी हो म्हणालो.

आमच्याकडं खंडेनवमीला ज्याचं त्यानं हत्यार पाटावर ठेवायचं आणि नारळ फुटला की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, अशी रीत. आप्पांचा माप घ्यायचा व्हर्निअर, तो मिक्सर, विळी, आणि आईचा कोयता. हा कोयता गावाकडचा, बीडचा. लग्नाआधी ती आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जायची, तेव्हापासूनचा. त्या कोयत्याच्या पाठीनं ती दरवर्षी नारळ फोडायची. पुष्कळ घरांत बायका नारळ फोडत नाहीत. आमच्याकडं आप्पांचा नेम बेभरवशाचा म्हणून हे काम तिच्याकडं आलं होतं, आणि ती ते असं करायची की शेजारच्या बायका बघायला यायच्या. डाव्या तळव्यावर नारळ, उजव्या हातात कोयता, एकच दणका, आणि दोन सारख्या वाट्या. पाणी हत्यारांवर उडालं पाहिजे, हा तिचा नियम. ते तीर्थ.

त्या सकाळी मी मेलेला टॅब पाटावर ठेवला. आई हळदीकुंकवाचं बोट पुढं करून थांबली. "चालू कर ना. त्याचा उजेड पडू दे देवापुढं."

"बंदच ठेवायचा असतो," मी म्हणालो. "कंपनीत पूजेला मशिनी बंद करतात की नाही, विचार आप्पांना."

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "आधी मेन स्विच ऑफ, मग हार."

तिनं काचेच्या मधोमध कुंकवाचं बोट लावलं. मग नारळ घेतला. एकच दणका. पाणी उडालं, व्हर्निअरवर, मिक्सरवर, आणि चार-पाच थेंब टॅबवर.

मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात काहीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी टॅब उचलायचा, बटण दाबायचं, तोंड पाडायचं आणि 'आपोआप बंद पडला' म्हणायचं, एवढीच माझी योजना होती. दसऱ्याला पूजा झाल्यावर मी ते केलं. "आई, चालू होईना." आई हात पुसत आली, टॅब बघितला, पाटाकडं बघितलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की मी तो अजून विसरलेलो नाही. "नारळाचं पाणी," ती म्हणाली. "मह्या हातानं गेलं."

मी काचेवरचं कुंकू पुसायला लागलो.

आप्पांना मात्र कुठलीही वस्तू नुसती बिघडू देणं मान्य नव्हतं. कंपनीत त्यांना शिकवलं होतं की काही बिघडलं तर पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. त्यांनी कॅलेंडरचं पान उलटं केलं, चष्मा लावला, बॅटरी लावून चार्जिंगच्या भोकात बघितलं, टाचणीनं एक काळा कण बाहेर काढला आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"पहिला का. टॅब बंद का पडला?"

"पाणी गेलं," आई म्हणाली.

"बघितलं मी. आत चिकट आहे. नारळाचं पाणी वाळलं की चिकट होतं. दुसरा का. पाणी का गेलं?"

"मी नारळ फोडला."

"तिसरा. नारळापाशी टॅब का होता?"

"पूजेला मांडला व्हता."

"चौथा. झाकला का नाही?"

"देवाला काय झाकून दाखवत्यात का?" आईला त्याही अवस्थेत राग आला.

"पाचवा. नारळ घरातच का फोडायचा?"  आप्पांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. "एक राहिलं. पूजेआधी टॅब चालू होता?"

"होता," मी म्हणालो.

हे सगळं प्रकरण मी त्या एका शब्दासाठी लिहितोय. आप्पांनी तो शब्द कागदावर उतरवला, काळ्या कणापुढं 'उदबत्तीची राख' लिहिलं, आणि खाली उपाय लिहिला : 'यापुढे नारळ जिन्यात फोडावा.' मग त्यांनी तो कागद कंपनीतून प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला आणि फ्रिजला चिकटवला.

आईनं आपल्या परीनं उपाय सुरू केले. टॅब तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरला. ज्या डब्याला टेकून मास्तर शिकवायचे, त्याच डब्यात. चौथ्या दिवशी त्या तांदळाची खिचडी झाली, आणि आप्पा म्हणाले, "चला, आता आपण सगळेच थोडे थोडे इंजिनिअर." पण आई हसली नाही. चौकातल्या दुरुस्तीवाल्यानं आठवडाभर ठेवून टॅब जिवंत केला, पण काचेची खालची चार बोटं रुंद पट्टी कायमची मेली, तिथं दाबून काही होईना. आतलं अर्धं वाचलं होतं, अर्धं गेलं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी कॉलेजमध्ये दत्तानं मला कँटीनच्या मागं ओढत नेलं. मी त्याला इतका चिडलेला कधी बघितला नव्हता.

"काल तुझी आई आल्ती घरी."

"कुणाच्या?"

"माझ्या! मोशीला! एकटी, बसनं, पत्ता विचारीत. शेंगदान्याचे लाडू घिऊन. म्हनती, मह्यामुळं पोराच्या नोटा गेल्या, तुमच्याकडं असतील तर द्या बाबा. हात जोडले तिनं माझ्यापुढं, सुन्या! माझी आय बघत व्हती. मी काय बोलू? लाडू खाल्ले. तोंडात लाडू असला म्हंजी बोलावं लागत न्हाई."

"किती?"

"बारा," दत्ता म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "आज जाऊन सांग तिला. चहा सांडला म्हनून."

मी त्याला सांगितलं, परीक्षा झाल्यावर सांगतो. आता सांगितलं तर आप्पा मला पुन्हा प्रेसवर पाठवतील.  दत्तानं पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढून माझ्या छातीवर आपटला. माझ्याच नोट्स होत्या, मी त्याला दिलेल्या.

त्या गठ्ठ्यावर आणि चार बोटं मेलेल्या टॅबवर मी अभ्यास केला. खालचं काही दाबायचं असेल तर टॅब उलटा फिरवावा लागे. त्यामुळं मास्तरही कधी कधी उलटे व्हायचे, आणि आई मान वाकडी करून म्हणायची, "पडतेल की ते." परीक्षा झाली. मी पास झालो, बऱ्यापैकी झालो. आईनं पेढे वाटले. मी सांगितलं नाही. मग पुढची परीक्षा, मग नोकरी, मग लग्न. खोटं जुनं झालं की ते सांगण्यासाठी योग्य वेळ शोधणं हाच एक नित्यक्रम होतो, आणि त्यात दिवस बरे जातात. पहिल्या पगारात मी मिक्सर आणणार होतो. आणला दोन वर्षांनी. त्याचं कारण माझ्याकडं नाही.

एक गोष्ट मात्र दरवर्षी घडायची. आईनं त्या खंडेनवमीनंतर कोयत्याला पूजेत ठेवलं, पण नारळाला लावलं नाही. नारळ ती आप्पांच्या हातात द्यायची. आप्पा तो जिन्यात नेऊन पायरीच्या कडेवर आपटायचे. सात दणके, कधी नऊ. तुकडे खालच्या मजल्यापर्यंत उडायचे, पाणी सगळं सांडून जायचं, शेजारी हसायचे, "आप्पा, ओव्हरटाइम लागला का?" आई दारात उभी राहून बघायची. हात पदरात.

यंदा आम्ही मोशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आहोत. आप्पा रिटायर झाले, गुडघे कुरकुरतात. माझी मुलगी मुक्ता आठ वर्षांची आहे, तिला शाळेचा टॅब आहे, आणि तो तिनं स्वतः पाटावर मांडला, आजीच्या कोयत्याशेजारी. आप्पा नारळ घेऊन दाराकडं निघाले.

"आबा, बाहेर का फोडायचा?" मुक्तानं विचारलं.

"आत फोडला तर पाणी उडतं."

"उडालं तर काय?"

"टॅब बिघडतो. तुझ्या बाबांचा बिघडला होता."

"कसा?"

"आजीच्या हातून पाणी गेलं त्याच्यात." आप्पा वळून उभे राहिले. त्यांना प्रश्न आवडायला लागले होते. "विचार, विचार. तीन झाले."

"मग बाबांनी आजीला आधीच का नाही सांगितलं, लांब फोड म्हणून?"

"चौथा!" आप्पा खूश होऊन म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. "बोला, साहेब."

मुक्ता माझ्याकडं बघत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणालो, "कारण तो आधीच बिघडला होता."

आप्पांच्या हातातला नारळ तसाच हवेत राहिला. मी सगळं सांगितलं. कँटीन, सात ग्लास, बस, बटण. उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर थांबलो असतो. आप्पा दाराच्या चौकटीला धरून ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तो काळा कण?"

"चहाची पूड."

"मी राख लिहिलं." ते सावकाश खुर्चीत बसले. "इतक्या वर्षांत एवढाच एक खराब माल मी पास केला. तोही घरचा."

आई पाटासमोर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पाटाकडं बघतच म्हणाली, "मोशीच्या त्या दत्ताला ठाऊक व्हतं?"

"हो."

"आन् त्यानं लाडू खाल्ले?"

"बारा."

"कामून नाही सांगितलंस रं?" आता तिनं बघितलं. मी उत्तर तयार करत होतो, परीक्षेचं, प्रेसचं, बोटांचं. ती सगळी कारणं खरी होती आणि त्यांतलं एकही पुरेसं नव्हतं. "भ्यालो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग आप्पांकडं हात पुढं केला. "आणा तो नारळ हिकडं." पाटावरचा कोयता उचलला, कपाळाला लावला. "मुक्ते, तुझा टॅब घे काखेत." मुक्तानं घेतला. आईनं नारळ डाव्या तळव्यावर फिरवून त्याची शीर शोधली. इतक्या वर्षांनंतर मला वाटलं दोन दणके लागतील.

एकच लागला. पाणी व्हर्निअरवर उडालं, माझ्या पायावर उडालं. दोन सारख्या वाट्या. एका वाटीत तळाशी पाणी उरलं होतं. तिनं ती माझ्यापुढं धरली.

"घे. पी. लई वर्षं याच्यावर आळ घेतलास."

मी दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि प्यालो. टॅब छातीशी धरून मुक्ता माझ्याकडं बघत होती, आणि आई कोयता पदरानं पुसत होती.

"गोड निघाला?" तिनं विचारलं.

"निघाला," मी म्हणालो. हे खरं होतं.